मस्कत अलीकडं हाय की!

चहा घ्या, पण आधी माझा संताप ऐका. मस्कतच्या नव्या हॉटेलसाठी पाठवलेले माझ्या कारखान्यातले टॉवेल मुंबईच्या बंदरात अडकले, आणि उद्घाटन तर तोंडावर आलेलं. माल जहाजानं पाठवणारा एजंट फोनवर म्हणतो, "शेठ, होर्मुझची सामुद्रधुनी बंद आहे. माल जाणार नाही."

माझी शाळा सातवीत सुटली, पण गादीमागं जगाचा नकाशा टांगलाय. मी भडकलो. "अहो, मस्कत सामुद्रधुनीच्या अलीकडं हाय की! कुर्डुवाडीच्या पुढं रूळ उखडले, म्हणून मुंबईची गाडी अलीकडच्या जेऊरला पोचत न्हाय व्हय?"

 एजंट हळूच म्हणाला, "शेठ, हे जेऊर कुठं आलं?"

शेवटी त्यानं माल जहाजावर चढवला आणि टॉवेल मस्कतला वेळेत पोचले. एजंटाला मी रेल्वेचा नकाशा पाठवलाय, जेऊरवर लाल खूण करून.