चिकाचा डाग

राजपुऱ्याकडं निघालेल्या ऑटोत वैजयंती मॅडमनी उन्हापायी तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता, वर काळा चष्मा. त्यामुळं समोर आजीला खेटून बसलेल्या रंजितानं आपल्या तिसरीच्या मॅडमना काही ओळखलं नाही.

“शाळेत जायचं नाही म्हणतीस, कारण तर सांगशील?”

“सगळे मला डागाबाई म्हणतात. डब्बा खायला पण कोणी जवळ बसत नाही.”

“अवं, केळीच्या चिकाचा डाग तो! झगा फाटंल, पण डाग जायचा नाही. सांगायचं ना तसं.”

“सांगितलं. म्हणतात, झूठ. तू आंघोळच करत नाही.”

“मग मॅडमला सांगायचं.”

“गेली होती ना. मॅडम म्हणाल्या, ‘बसा डागाबाई, आधी पाढे म्हणा.’ मग तर सगळे खूपच हसले.”

“आणि मॅडम?”

“त्या पण. पण आजी, त्यांना काही बोलू नको हं. त्या चांगल्या आहेत.”

स्कार्फाच्या आत मॅडमना एकाएकी उकडायला लागलं.

“बोलणार तर! त्यासाठीच निघाली मी. ओ बाई, तुम्ही राजपुऱ्याच्याच ना? तिथल्या शाळेतल्या तिसरीच्या मॅडम स्वभावानं कशा आहेत हो?”

वैजयंती मॅडमनी चष्मा काढला, मग स्कार्फाची गाठ सोडली.

“आजी, मॅडम!” रंजिता आजीच्या पदराआड लपली. त्या पदरावरही तसलेच काळे डाग होते.

“चुकलं माझं, आजी.”

“मला ऑटोत काय सांगता? हसलात वर्गात, तर चुकलं पण वर्गातच म्हणा.”