फटीतलं तण

नाही गं, चहाचं नंतर बघू—तू बस त्या बाकावर, मी इथूनच बोलते, माझे हात चालू असले की तोंडही नीट चालतं. आणि पाय वर घे, तुझे ते पांढरे बूट शेवाळाने हिरवे झाले तर तुमचं कौन्सिल माझ्या नावाने आणखी एक कागद काढेल! काय विचारलंस त्या फॉर्मातून? एकटीला राहणं झेपतं का? अगं, बघतेयस ना डोळ्यांनी! एकोणऐंशी वर्षांची बाई मार्चच्या या थंडीत अंगणातल्या फरशीवर गुडघे टेकून तण काढतेय, आणि तू बसलीयस कोट गुंडाळून. परीक्षा खरं तर तुझी घ्यायला हवी—ओळख बरं, हे काय उपटलं मी? गवत? कपाळ माझं! डँडेलियन गं, ते पिवळ्या फुलाचं तण. नुसती पानं ओढलीस तर पठ्ठ्या पंधरा दिवसांत पुन्हा हजर. मूळ निघायला हवं, अख्खं, गाजरासारखं. त्याला ही बटाटे सोलायची जुनी सुरी पुरते.

आमची लिनेट—तिनेच पाठवलंय तुला, माहितीये मला, लाजू नकोस, आईची काळजी वाटते लेकीला—तिने नाताळात ते पाणी मारायचं मशीन धाडलं. ब्रिस्टलात बसून तिला वाटतं, बटण दाबलं की आई सुटली. आमच्या या लँकेशायरच्या ओल्या हवेत शेवाळ काय मशीनला भितंय? शेजारच्या क्लेगने चालवून दाखवलं—विधुर आहे, उत्साह दांडगा—तर शेवाळ गेलं ते गेलंच, फटींतली वाळूही उडाली, निम्मी माझ्या खिडकीवर, निम्मी त्याच्या मिशीत. रिकाम्या फटीत तण दुप्पट! वर म्हणतो कसा, फरशाच वाकड्या बसवल्यात. नाचता येईना अंगण वाकडं! त्यापेक्षा बटाटे उकडले की ते कढत पाणी आणून फटीत ओतायचं—हे लिहू नकोस हं, गरम पाणी घेऊन दाराबाहेर पडायची मला लिनेटची बंदी आहे—आणि पुढच्या दारच्या वाटेवरल्या खडीत आठवड्यातून एकदा दाताळं फिरवायचं, म्हणजे मेल्या बियांना रुजायला निवांतपणा मिळत नाही. शिवाय खडी असली की कोण आलं ते आधी कळतं. आज तुझे पाय वाजले आणि मी पटकन गुडघ्यांवर बसले—म्हणजे, बसलेलीच होते. सकाळपासून.

हसतेस काय? क्लेगला विचार, मी रोज इथे असते. परवा मंगळवारी तर ‘एनिड, हलू नकोस’ म्हणत तो कुंपणावरून आला आणि मला उचल—टोपली उचलली. शेवाळाची टोपली गं. ओलं शेवाळ जड असतं. काय लिहितेयस एवढं? टोपलीबद्दल इतकं लिहितात?

तुला लिनेटने ते वृद्धाश्रमाचं चकचकीत पुस्तक दाखवलं का? त्यातलं अंगण बघितलंस? या कडेपासून त्या कडेपर्यंत सिमेंट, एक फट नाही. बायका बसल्यात खुर्च्यांत, मांडीवर हात ठेवून. फोटोत हसतायत बिचाऱ्या. मी काय करू तिथे, सांग ना? इथे सकाळी डोळा उघडला की मला वाटतं, चला, रात्रीत काय उगवलंय बघू. तिथे कशासाठी उठायचं? हे घर सुटलं तर मी मरेन, पोरी. खरंच सांगते.

बरं, झालं ना तुझं? एकच प्रश्न राहिलाय? वाच की. ‘जमिनीवरून आधाराशिवाय उठता येतं का.’ हात्तिच्या! येतं की! आत्ता नाही दाखवत, एवढी फरशांची ओळ संपवू दे. तू निघ. बाजूच्या फाटकाने जा, पुढचं जरा अडकतं. निघ ना, उशीर होईल तुला. अगं, उभी काय राहिलीस? मला—मला वेळ लागेल. उजवा पाय केव्हाचा बधिर झालाय, डाव्याचं तर विचारूच नकोस. तुला दाखवायला म्हणून बसले गं, म्हटलं, बघू दे पोरीला म्हातारी अजून कशी कामाची आहे ते. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! क्लेग चार वाजता घरी येतो, तोवर काढतेच आहे मी तण, माझं काही अडत नाही—

थांब. तशी येऊ नकोस. आधी ते पेन पर्समध्ये टाक. मग दे हात.