बेचाळीसपैकी एकेचाळीस

...नाही नाही, वीज नव्हती गेली. कोण म्हणालं? चैत्रा, आमची नवी नेटवर्कवाली? ती म्हणणारच. बसा साहेब, बाय-टू कॉफी सांगितलीय, अर्धी तुमची. हे बघा — या इस्पितळात बेचाळीस स्विच, विजेचे नव्हेत, कॉम्प्युटरच्या तारा एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या, आणि या खोलीतून दर पाच मिनिटांनी प्रत्येकाला विचारलं जातं, बाबा रे, बरा आहेस ना? तो उत्तर देतो, किती दिवस न थांबता चालू आहे तेही सांगतो. औषधांच्या काउंटरचा म्हणतोय दोनशे अकरा दिवस. मग वीज गेली कुठे? कुणीतरी लांबून हुकूम सोडून काउंटरची लाइन तेवढी बंद केली. सोमवारी, ओपीडी भरलेली असताना — चाळीस मिनिटं एक बिल नाही, म्हातारी माणसं चिठ्ठ्या धरून ताटकळत उभी. आता हुकूम सोडायला परवलीचा शब्द लागतो, आणि नवा शब्द कुणाला ठाऊक? एकट्या चैत्राला. मी आपला बोलत नव्हतो — पोरीची नोकरी जाईल, घरी बाप अंथरुणावर — पण तुम्ही बंगळूरहून चौकशीला आलात, मग लपवायचं कशाला?

राग? माझा? छे. एकोणीस वर्षं काढली इथे, राग कसला. पण ऐका — प्रत्येक स्विचमध्ये एक रकाना असतो, काही बिघडलं तर कुणाला बोलवायचं त्याचा. बेचाळीस ठिकाणी माझं नाव, नंजुंडस्वामी, मी स्वतः एकेक बसून भरलेलं. ही बाई आली आणि एका दुपारात पुसून चैत्रा केलं. विचारायचं तरी! लागलं मनाला, खोटं कशाला बोलू. वर म्हणे, कारखान्यातून पेटीबरोबर आलेला परवलीचा शब्द कुणी असा ठेवतं का, सगळ्या जगाला तो पाठ असतो. मी ठेवला होता, एकोणीस वर्षं. काय बिघडलं कुणाचं? बरं, बदलतेस तर नीट बदल ना! एकेचाळीस बदलले, एक राहिला. काउंटरचाच. यादीत तो अजून एक्स-रेच्या नावाखाली आहे — ती खोली हलली कधीच, यादी मी सुधारली नव्हती — हिला वाटलं, जुना, बंद पडलेला असेल. त्यावर अजून माझंच नाव आहे, बघा हवं तर. शब्दही तोच जुना. हे तुमचं शिकलेलं माणूस! एवढं साधं काम —

कसं कळलं म्हणजे? टाकून बघितला, चालला. कधी काय... सोमवारीच. म्हणजे नुसतं बघायला, किती गाफील आहे ते कळावं सगळ्यांना. चाळीस मिनिटं लागतील असं कुठे वाटलं होतं, परत चालू करायला गेलो तर घाईत दोनदा शब्द चुकला, मग स्विच बराच वेळ आतच घेईना...

लिहिताय काय एवढं? कॉफी गार होतेय. नको? बरं. चैत्राला फोन लावायचा तर बाहेर जाऊन लावा. आणि जाताना दार ओढून घ्या, एसी चालू आहे.