डिसेंबरची सावली

सन्माननीय अध्यक्ष गुरुप्रसाद सर, व्यासपीठावरील मान्यवर, कंपनीच्या कामातून निवृत्त होताना ज्यांना निरोप देण्यासाठी आपण मंगळवार पेठेतल्या या सभागृहात जमलो ते माजी आमदार जोतीराम साहेब, आणि समोर बसलेल्या सर्व वडीलधाऱ्यांनो, नमस्कार.

मी मधुवंती, साहेबांच्या सोलर कंपनीतली इंजिनिअर. घाबरायला होतं, म्हणून कागद हातात ठेवला आहे.

कोडोलीत घरोघरी सोलर बंब बसवत साहेबांनी धंदा उभारला. स्वतः शिडी चढल्याशिवाय काम घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. आमदार झाल्यावरही लोक दारात यायचे, "साहेब, शिफारसपत्र ऱ्हाऊ द्या, आधी बंब बघा की!" आणि साहेब निघायचे.

एकदाच त्यांच्याऐवजी मी चढले. गडहिंग्लजकडच्या एका वाडीला कंपनीनं पिण्याच्या पाण्यासाठी सोलर पंप भेट दिला होता. साहेब मुंबईत बैठकीला. मे महिन्यात शाळेच्या छतावर मी पॅनेलसाठी मापं घेतली. शेजारच्या टाकीची सावली तेव्हा टाकीच्या पायाशीच होती. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, सावली लांबते, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. त्या दिवशी लक्षातच आलं नाही. डिसेंबरात टाकीची सावली पॅनेलवर पडली, पंप थांबला, बायका पुन्हा विहिरीवर.

ग्रामसभेत वाडीतल्या चिमणाबाई कडाडल्या, "आमदार, सावलीत वीज पिकती व्हय?"

मी उठणार, तोच साहेब उभे राहिले. "चूक माझी हाय. आठ दिवसांत पाणी देतो." दिलंही. पण 'सावलीचा आमदार' हे नाव निवडणुकीपर्यंत पुरलं. साहेब थोडक्या मतांनी पडले.

नंतरही मी गप्प का राहिले? परतताना गाडीत ते म्हणाले होते, "पोरी, तुझं नाव अजून नवं हाय. माझं जुनं हाय, सोसंल." ते मला सोयीचं वाटलं, हेही खरं.

साहेब, हातानं 'बस खाली' म्हणताय, दिसतंय मला. एवढं संपवते.

मला अक्षरं घरी आत्यानं शिकवली. चुकलेलं अक्षर ती खोडू द्यायची नाही. शेजारी बरोबर लिहायला लावायची. म्हणून सांगते, त्या छतावर साहेब नव्हतेच. मी होते.

संयोजकांचे आणि आपले मनापासून आभार. बोलताना काही राहिलं असेल तर सांभाळून घ्या. आणि चिमणाबाई, तुम्ही पहिल्याच रांगेत बसला आहात. ती चूक आधी माझ्या नावावर घ्या, मग जमलं तर माफ करा.