निबंधातला बाप

कचरू : म्हंजे मी मेलो?

पूनम : हो ना काका. आन मस्त मेले तुमी. दुसऱ्या परिच्छेदात.

समता : पूनम, चूप बस ना बे!

पूनम : काऊन चूप बसू? काकानं इचारलं, पोरीहो, काय लिवून राह्यल्या, म्या सांगतलं. म्हाताऱ्या मानसाशी खोटं बोलू काय?

कचरू : राहू दे, राहू दे. मले सांग पूनम, कायनं मेलो मी?

पूनम : हार्ट अटॅक. गावात दवाखाना नाही, गाडी येळेवर आली नाही, सडकेवरच खेळ खल्लास.

कचरू : अरे बाप्पा! आन मी अठी बसून शेंगा सोलून राह्यलो. मले खबरच नाही.

समता : बाबा, ते खरं नसते. परीक्षेचा निबंध हाये इंग्रजीचा. 'सरकारनं शहरापेक्षा खेड्यावर जास्त खर्च करावा काय', असा विषय देते. आपलं मत मांडा लागते, आन मताले घरचा दाखला जोडा लागते. असं क्लासचे सर म्हनते.

पूनम : सरानं ढाचाच देल्ला काका. पह्यले विषय आपल्या शब्दात. मंग मत, एकदम ठाम, इकडं बी आन तिकडं बी असं नाही चालत. मंग कारण. मंग दाखला, आन दाखल्यात बाप मेला. आख्ख्या क्लासनं तोच पाठ केला. फक्त ज्यानं त्यानं रोग बदलला. माह्या बापाले म्या साप डसवला.

कचरू : किसनरावले? अवं, काल तं संग्रामपूरच्या बाजारात भेटला मले. भजे खाऊन राह्यलता.

पूनम : खाऊ द्या भजे. परीक्षेत गेला तो.

कचरू : म्हंजे तुमच्या त्या क्लासात एकाचाही बाप जित्ता नाही?

पूनम : रवीचा हाये. पन त्याची आजी दोनदा गेली. एकदा रस्त्याच्या निबंधात, एकदा मोबाईलच्या.

कचरू : मोबाईलनं आजी कशी मरते बे?

पूनम : ते त्यालेच इचारा. इंग्रजीत कोनीबी कायनंबी मरते काका.

कचरू : हाव, हाव. पन पूनम, हे पाय, तू हसून राह्यली, मी हसून राह्यलो. हे माही बाई काऊन तोंड पाडून बसली? मेलो तं मी हावो.

समता : काही नाही बाबा.

पूनम : काही नाही कसं? आज सरानं तिचा निबंध सगळ्याइपुढं वाचला. म्हने, इंग्रजी साफ हाये, एक चूक नाही, पन पाठ केलेला वाटते. तपासनाराले समजते म्हने, का हा बाप खरा नाही मेला. मागच्या दोन्ही खेपी तिचं बाकी सगळं निघालं, लेखनातच अर्ध्या गुनानं हुकली. ते ह्याच्यानंच.

कचरू : आन रविवारी परीक्षा.

समता : हाव. नागपूरले. आता नाही जमलं तं परदेशातल्या कालेजातली जागा जाते. जागा गेली का शिष्यवृत्ती बी गेली. मंग बसा अठीच.

कचरू : अठीच बसशीन तं काय वाघ खाईन? पन नाही. तू पान्याचं शिकाले चालली. आपल्या गावाचं खारं पानी गोडं कसं करा, ते शिकून येशीन. म्या साऱ्या गावाले सांगून ठेवलं.

समता : म्हनूनच तं, बाबा.

पूनम : काका, तुमीच समजवा आता हिले. खरा दाखला घरात असून ही पोरगी खोटा...

समता : पूनम!

पूनम : बरं बाई, नाही बोलत. चाल्ली मी. आई वाट पाहून राह्यली असीन. काका, मनाले नका लावू, परीक्षा झाली का आमी तुमाले सगळ्याइले जित्तं करतो.

(पूनम स्कूटी काढून जाते. अंगणात बाप-लेक दोघंच उरतात.)

कचरू : गुनाची पोरगी हाये. तोंडाले कुलूप नाही तेवढं.

समता : हाव.

कचरू : काय म्हनत होती ते? खरा दाखला घरात हाये म्हने.

समता : काही बी बोलते ते.

कचरू : मंग मले काऊन मारलं पोरी? तुही माय तं खरंच गेली ना.

समता : बाबा...

कचरू : मी रागवून नाही राह्यलो. इचारून राह्यलो.

समता : तुमाले मारनं सोपं हाये.

कचरू : असं?

समता : खोटं हाये म्हनून सोपं हाये. तुमाले मी चहा उतू जायच्या आत मारते, एक चूक होत नाही. आईचं लिवाले बसली का हातच चालत नाही. किती खेपा बसली मी. इंग्रजीत लिवलं का ते दुसऱ्या कोनाची आई वाटते. आन मले ठावूक तरी काय हाये? दवाखान्यात गेली, झोपेत गेली, तरास झाला नाही. एवढंच तं सांगतलं तुमी. एका ओळीत सरते माही आई.

कचरू : एका ओळीचा दाखला चालत नाही काय?

समता : नाही ना. कुठं, कसं, संग कोन होतं, सगळं पाहिजे. वाचनाराच्या डोयापुढं उभं राह्यलं पाहिजे, म्हनते सर. त्या शेंगा ठेवा ना बाबा खाली, सगळे दाने मातीत पाडून राह्यले तुमी.

कचरू : पडू दे. कोंबड्या खाईन. पेन हाये काय तुह्यापाशी?

समता : हाये. काऊन?

कचरू : मंग लिव. मी सांगतो, तू त्याचं इंग्रजी कर.

समता : काय सांगता?

कचरू : तुही माय दवाखान्यात नाही गेली.

समता : म्हंजे?

कचरू : बसमंधी गेली. आमी रक्त धुवाले खामगावले जाऊन राह्यलो होतो ना, त्याच बसमंधी.

समता : बाबा, काय बोलून राह्यले तुमी? आजलोक मले...

कचरू : आजलोक तू इचारलं नाही, आन म्या सांगतलं नाही. आता तुह्या कामी येते तं सांगतो. लिव. खारं पानी पिऊन पिऊन तुह्या मायचे गुर्दे गेले, हे पह्यले लिव.

समता : ते लिवते मी. पुढं सांगा.

कचरू : सकायची बस. तिले खिडकी पाहिजे होती, म्या खिडकीत बसवलं. तिकडून हवा येते म्हने. तुहा त्या रोजी अमरावतीले पेपर होता. म्या म्हनलो, पोरीले फोन लावतो, बोल तिच्याशी. तिनं माहा हातच धरला. म्हने, 'पेपर होऊ द्या तिचा. सांजीले लावजा.'

समता : सांजीले लावला तुमी.

कचरू : लावला.

समता : आन मी पह्यले पेपराचंच सांगत बसली. कोनता प्रश्न आला, कोनता सोडला. तुमी हाव, हाव म्हनत होते.

कचरू : चांगला गेलता तुहा पेपर. मले वाटलं, होऊ दे पुरं सांगून. तेवढा येळ तरी तुले माय होती.

समता : बाबा, नको. बस झालं. नाही लिवनं मले.

कचरू : लिव म्हनतो ना. आता सुरू केलं. मंग पुन्हा नाही जमनार मले बी.

समता : सांगा.

कचरू : शेगावच्या स्टॅण्डवर बस थांबली. तिले तहान लागली. डाक्टरनं पानी मोजून ठरवून देल्लं होतं, जास्त प्यालं का सूज चढे. पन तिचे ओठ पाहून मले राहवलं नाही. खाली उतरून बिसलेरीची बाटली आनली. घोटभर देल्लं. तिनं ते तोंडात धरून ठेवलं, गिळलंच नाही लवकर. मंग म्हने, 'गोड हाये हो.'

समता : पानी?

कचरू : पानी. जलम सारा खारं पानी पेली ना ते. 'गोड हाये हो', एवढंच म्हनली आन माह्या खांद्यावर डोकं ठेवलं. चारचौघात कधी ठेवत नव्हती. मले जराक लाज बी वाटली. मी म्हनलो, झोप. बस निघाली. मंग थोड्या येळानं खांदा जड झाला.

समता : मंग?

कचरू : मंग काय. समजलं मले.

समता : तुमी बस थांबवली नाही?

कचरू : नाही.

समता : काऊन बाबा? काऊन नाही थांबवली?

कचरू : थांबवली असती तं आमाले तठीच उतरवलं असतं. त्याइची चूक नाही, त्याइले दुसरं काय करता येते? मी तिले घेऊन कुठं बसू? दोन्ही अंगानं वावरं. धुऱ्यावर ठेवू काय तुह्या मायले? बसमंधी कालेजची पोरं होती, एक बाई होती लहान लेकरू घेऊन. ते घाबरलं असतं. म्या तिचा पदर नीट केला, खिडकी लावून घेतली. कंडक्टर आला. म्हने, 'बाईले झोप लागली वाट्टे.' म्या म्हनलो, 'हाव, रातभर डोया नाही लागला तिचा.'

समता : बाबा...

कचरू : आन बोलत राह्यलो तिच्याशी.

समता : काय बोलले?

कचरू : काय बोलनार? हे पाय कापसाची जिनिंग आली, सिंधू. हे पाय आता वस्ती लागली. आता आलंच खामगाव. असंच. रोज बोलत होतो तेच. ते कधी जवाब देतच नव्हती तसा, नुस्तं हूं म्हने. त्या रोजी हूं बी मीच म्हनलो.

(समता कागदावर वाकते.)

कचरू : लिवलं काय?

समता : नाही.

कचरू : काऊन?

समता : कागद दिसत नाही.

कचरू : पूस डोये. पूस, पूस. रविवारी तठी मी नसीन सांगाले. तुह्या एकटीलेच लिवा लागन. आतापासूनच हात बसव.

समता : कोनाले सांगतलं नाही तुमी हे? आत्याले? पुंजाजी मामाले?

कचरू : कोनाले सांगू? ज्याले सांगतलं असतं त्याले आयकून वाईट वाटलं असतं आन मले सांगून. दोघाइनं कायले रडा? दवाखान्यात गेली म्हनलो. दवाखान्यातलं मरन बरं दिसते. लिव तू. मी गुमान बसतो.

समता : हं.

कचरू : झालं?

समता : थांबा जराक... झालं एवढं.

कचरू : वाच. इंग्रजी नको, आपलं वाच.

समता : 'आमच्या गावाचं पाणी खारट आहे. ते पिऊन माझ्या आईची मूत्रपिंडं निकामी झाली. जवळ उपचार नव्हता, म्हणून आई आणि बाबा बसने शहरात जात. एके दिवशी त्या बसमध्ये बाबांच्या खांद्यावर ती गेली. शेवटचं पाणी तिला गोड लागलं. बाबांनी बस थांबवली नाही. ते उतरेपर्यंत तिच्याशी बोलत राहिले.'

कचरू : एवढंच?

समता : एवढंच. इंग्रजीत भारी शब्द सापडले नाही मले. साधंच आलं.

कचरू : बराबर हाये. असंच झालं. एक बी चूक नाही.

समता : मले नाही बरं वाटत बाबा. हिच्यावर गुन भेटतीन मले. आईच्या मरनावर. ते तपासनारा वाचीन, आकडा टाकीन, आन दुसरा कागद उचलीन. त्याच्यात साप डसलेला किसनराव राहीन.

कचरू : मंग राहू दे की. किसनराव बी माह्या ओळखीचाच हाये.

समता : हसू नका ना.

कचरू : मंग काय करू? पोरी, तुही माय शाळेत गेली नाही. तुह्या पुस्तकावर हात फिरवे नुस्ता. ह्याच्यात माह्या कामाचं काय हाये म्हने. आता तिच्यापायी तू पास झाली, तं ते रागवीन काय? म्हनीन, चाला, निबंधात तरी कामी आली मी. आन तू जाऊन ते पानी गोडं कराचं शिकून ये. मंग गुन कोनाले भेटले, ते पाहू.

समता : आन तुमी? मी गेल्यावर तुमी कोनाशी बोलसान?

कचरू : मले बिनजवाबाचं बोलाची सवय हाये.

समता : बाबा!

कचरू : बरं, बरं, नाही बोलत तसं. हे सांग, शेवटी काय लिवा लागते?

समता : शेवटी नवीन काही नाही लिवत. सुरुवातीले जे मत मांडलं, तेच पुन्हा सांगा लागते. ठाम.

कचरू : मंग तेच लिव. खेड्यावर खर्च करा. पान्यावर करा. इकडं बी आन तिकडं बी नको.

समता : हाव.

कचरू : आन तो मघाचा मी?

समता : कोनता?

कचरू : दुसऱ्या परिच्छेदातला. हार्ट अटॅकवाला.

समता : तो कायले ठेवते आता? खोडते ना.

कचरू : माह्यापुढं खोड.

समता : हे घ्या. खोडला.

कचरू : नीट खोड, वाचता येऊन राह्यलं अजून. दोघं बी गेलो त्याच्यात, तं तू तिकून येशीन तवा दार कोन उघडीन?