तिकिटाचा वास

अरे, माझ्या अमेरिकन तिकिटाचं काय झालं ऐका. लिलावात घेतलेलं दीडशे वर्षांपूर्वीचं टपाल तिकीट, मागचा गोंद अजून शाबूत! सिंगापूरच्या दमट हवेत तो चिकटू नये म्हणून हवा कोरडी ठेवणारं विजेचं कपाटही आणलं. तेवढ्यात पुण्याहून आई आली. आठवड्याने कपाट उघडतो तर आत उडदाचे पापड आणि हिंगाचा घमघमाट.

“अगं आई, हे काय?”

“बाहेर सादळतात रे. तुझं तिकीट आत चालतं, मग माझ्या पापडांनी काय घोडं मारलंय?”

परवा इथल्याच बिशान भागातल्या एका चिनी अंकलना तिकीट दाखवलं. तिकिटं जमवण्यातली जुनीजाणती असामी. त्यांनी भिंगातून पाहिलं, मग नाकाशी धरलं आणि एकदम गंभीर झाले.

“असा वास कुठल्याच तिकिटाला आला नाही मला. आधी कोणाच्या संग्रहात होतं हे?”

म्हटलं, “आईच्या.”