अकरा वेळा उचललेली बाई

हाडांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या शाळेच्या बाईंनी मासिकात डोकं घातलं होतं, पण कान समोरच्या बाकावर होते. भिंतीवरच्या टीव्हीत नव्या राष्ट्रपतीबाई शपथ घेत होत्या.

"हिला मी अकरा वेळा उचललंय," कंबरेला पट्टा बांधलेले आजोबा शेजारच्या, गळ्यात टेप लटकवलेल्या शिंप्याला म्हणाले.

"काहीतरीच काय काका!"

"अरे, पोलिसात होतो मी. ही कारखान्याच्या फाटकासमोर ठाण मांडायची, आम्ही उचलून गाडीत टाकायचो. अंग असं सैल सोडायची की चौघांना घाम फुटायचा."

"शिव्या घालत असेल."

"छे! म्हणायची, काका, गुडघ्यात वाका, नाहीतर कंबर धरेल. मी कसला ऐकतोय! अंगावर वर्दी होती ना. आता भोगतोय."

"कौतुक पुरे हो. खुर्ची मिळाली की सगळे बदलतात."

"ही नाही बदलायची. लाठीला हलली नाही, ती खुर्चीला काय हलणार?"

"आणि बदललीच तर?"

"तर तिच्या फाटकासमोर मी जाऊन बसेन. अंग कसं सैल सोडायचं, ते तिच्याकडूनच तर शिकलोय."

"या असल्या कंबरेनं?"

"बसणाऱ्याला काही होत नाही रे, कंबर जाते ती उचलणाऱ्याची. उचलायला येतील त्या पोरांना तेवढं सांगेन, बाळांनो, गुडघ्यात वाका."